युद्धकाळातली डांगरी: कापड, माप, शिलाई आणि नागपूरचं ऊन

डांगरी हा शब्द आपलाच आहे. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड साहेबाच्या तोंडी ‘डंगरी’ झालं आणि पोशाखाचं नाव होऊन आपल्याकडे परत आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेतले पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यातली यंत्रं बायकांनी हातात घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर ही डांगरी, म्हणजे छातीवर तुकडा आणि खांद्यावर पट्टे असलेली पँट, नाहीतर बॉयलर सूट, म्हणजे वरखाली एकसंध शिवलेला पोशाख, असे. नाटकासाठी किंवा खरंच बागेत, गॅरेजमध्ये घालायला तसा पोशाख शिवायचा असेल, तर आधी त्याचे दोन नियम समजून घ्यावेत. कापड वाया जाता कामा नये, आणि यंत्रात अडकेल असं अंगावर काही लोंबता कामा नये. खिसा कुठे, बटण कुठे, मोहरी (पायाचं खालचं तोंड) केवढी, या सगळ्याची उत्तरं या दोन नियमांतच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. प्रसंग १९४३च्या नागपुरातला असेल तर गिरणीतल्या बाईला डांगरी घालू नका. एम्प्रेस मिल १८७७पासून चालू होती, पण आपल्याकडच्या गिरणी कामगार बायका लुगड्यातच काम करत. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. काष्टा घट्ट, काठ घोट्याच्या वर चार बोटं, पदर पाठीवरून फिरवून कमरेला खोचलेला. कामाचा पोशाख म्हणून त्यात काही कमी नाही. मात्र लुगडं जाड सुताचंच घ्या. सिंथेटिक नऊवारीचा काष्टा दहा मिनिटांत सैल होतो आणि पदर खोचलेला राहत नाही. त्या काळी कापडाची टंचाई इतकी होती की जून १९४३मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं, आणि गिरणीच्या कापडावर किमतीचा शिक्का मारणं सुरू झालं. मंचावर कापडाचा तागा दाखवणार असाल तर त्याच्या टोकाला शिक्का हवा.

आता डांगरीचं कापड. नागपूरच्या गांधीबागेत किंवा इतवारीत ‘सुती ड्रिल’, म्हणजे तिरक्या विणीचं घट्ट कापड, मागा. युनिफॉर्मच्या दुकानात गेलात तर टेरीकॉट गळ्यात मारतील. ते दिसायला तसंच असतं, पण त्यात सुताबरोबर टेरिलीन, म्हणजे पॉलिस्टर असतं. टेरिलीनचा शोधच १९४१चा आणि अंगावर घालायचं कापड म्हणून ते युद्धानंतर आलं. खात्री करायला कडेचे चार धागे काढून दुकानाबाहेर काडी लावा. सुताचा कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. गोळी होऊन कडक राहिली तर त्यात पॉलिस्टर आहे. ताणणारं डेनिम, दगडाने घासून फिकट केलेलं डेनिम, नारिंगी दोऱ्याची शिलाई, यातलं काहीही चालणार नाही. रंग गडद निळा, खाकी किंवा मळकट तपकिरी घ्यावा.

वजनाच्या बाबतीत मात्र नागपूरचं ऐका. त्या थंड देशांत आठ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७० ग्रॅमचं कापड सहज चालत असे. इथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा त्याची डांगरी घालून कुणी उभं राहू शकणार नाही. २०० ते २३० ग्रॅमचं ड्रिल घ्या. ते अंगावर नीट पडतं आणि पाच फुटांवरून फरक कळत नाही. त्याहून हलकं घेतलं की गुडघ्यावर आणि बसायच्या जागी पोळ्यासारखं फुगतं.

कापड किती लागेल ते अर्जावर, म्हणजे पन्ह्यावर आहे. उंची पाच फूट तीन इंच आणि सीट (नितंबांचा घेर) ३८ इंच धरली तर ५८ इंची पन्ह्याचं अडीच मीटर, ३६ इंचीचं साडेतीन मीटर. यात आटण्याचं धरलेलं आहे. कोरं सुती कापड पाच ते आठ टक्के आटतं. ‘सॅन्फोराइज्ड’, म्हणजे गिरणीतच आधी आटवलेलं असेल तर फार कमी. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखा, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून वाळवा, पुन्हा एकदा धुवा आणि मोजा. ५०चे ४७ झाले असतील तर सहा टक्के गेलं, आणि न भिजवता शिवलेल्या एक मीटर पायातून सहा सेंटिमीटर पहिल्याच धुण्यात गेले असते. डांगरी आखूड झाल्याच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. आपण नुसता चौकोन धुवून थांबायचं नाही, सगळं कापडच असं दोनदा धुवून मग कात्री लावायची.

माप घेताना शिंप्याला सवय असते ती आजच्या पँटची, कमरेच्या हाडाखाली बसणारी. १९४०च्या दशकातली कमर खऱ्या कमरेवर, बेंबीच्या थोडी वर येते. म्हणून आसनाचं, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं, माप असं घ्या: कडक स्टुलावर ताठ बसवा, कमरेला दोरा बांधा, आणि दोऱ्यापासून स्टुलापर्यंत बाजूने मोजा. त्यात तीन ते चार सेंटिमीटर मिळवा. आसन कमी पडलं तर वाकताना खांद्याचे पट्टे खाली ओढतात आणि बसलं की मांड्यांत कापतं. जास्त झालं तर पाय उचलून शिडी चढता येत नाही. सीटमध्ये आठ ते दहा सेंटिमीटर सैल ठेवा. मोहरीचा घेर ४२ ते ४६ सेंटिमीटर. मोहरीला वर दुमडलेली पट्टी देऊ नका. ब्रिटनमध्ये १९४२ ते १९४४ पुरुषांच्या पँटवर अशी पट्टी ठेवायलाच बंदी होती, कापड वाचवायला. पुरुष त्यावर चिडले होते म्हणे, पण लेथवर काम करणाऱ्याला त्या पट्टीचा दुसराही त्रास असतो. धातूचा भुगा त्यात साठतो.

कटिंग करताना उभा धागा पायाच्या मधोमध सरळ जाऊ द्या. ५८ इंची कापड दुहेरी घालून पुढचा पाय सरळ आणि मागचा उलटा, असे शेजारी मांडले की आसनाचा फुगवटा समोरच्या मोहरीच्या अरुंद बाजूला बसतो आणि कापड पुरतं. साध्या ड्रिलला हे चालतं. लव असलेल्या कॉर्डरॉयला नाही, कारण एक पाय उजळ आणि एक गडद दिसतो. छातीवरचा तुकडा तयार झाल्यावर २६ सेंटिमीटर उंच, वर २४ आणि कमरेशी ३० रुंद असावा. त्याला त्याच कापडाचं अस्तर लावा. पट्टे ११ सेंटिमीटर रुंद कापले की दोन्ही कडा एक-एक सेंटिमीटर आत दुमडून आणि मग दुहेरी घडी घालून साडेचारचे होतात. लांबी एक मीटर ठेवा, फिटिंगनंतर कापता येते.

इलॅस्टिक वापरू नका. जपानने १९४२च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर मित्रराष्ट्रांचं रबर तुटलं, आणि ते मिळालं तेही टायरकडे गेलं. धातूचंही तसंच. आपल्याकडे १९४३मध्ये भोकाचा पैसा निघाला तो याच टंचाईतून. तेव्हा चेन नको, बटणं लावा. बायकांच्या डांगरीला पुढे उघड नसे. कमरेच्या दोन्ही बाजूंना १८ ते २० सेंटिमीटरची चीर, प्रत्येकीला तीन बटणं. बटण चपटं, चार भोकांचं, दोन सेंटिमीटरचं घ्या, आणि ते वरच्या पट्टीखाली झाकलं जाईल असं बघा. उघडं बटण कशात अडकलं तर तुटण्याआधी माणसाला ओढतं.

शिलाईला सोळा नंबरची सुई, टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा. चौदाची सुई चार थरांच्या जागी वाकते आणि टाके सुटतात; मशीन बिघडलंय म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी सुई बदलून बघा. क्रम असा ठेवा. कापड सपाट आहे तोवर खिसे आणि गुडघ्याची ठिगळं. हो, ठिगळ आधीच लावायचं, फाटल्यावर नाही: पायाच्या पूर्ण रुंदीचा, २५ सेंटिमीटर उंच तुकडा, त्याचा मध्य गुडघ्याच्या वाटीवर. मग बाजूची शिलाई, कडा आत दुमडून दोन टिपांची. ही सपाट असते तेव्हाच नीट जमते. मग पायाच्या आतली शिलाई साधी, कडेला ओव्हरलॉक. आसनाची शिलाई दोन्ही पाय शिवून झाल्यावर, एक पाय दुसऱ्यात घालून, एकाच जागी दोनदा टीप मारून. आसन आधी जोडून पाय नंतर शिवले तर वळणावर चुण्या येतात आणि डांगरी बसल्याबरोबर तिथेच उसवते. शिवल्यावर वळणापाशी दाब, म्हणजे शिलाईबाहेरचं कापड, एक सेंटिमीटरवर छाटा. त्यानंतर चिरांच्या पट्ट्या, कमर, छातीचा तुकडा. पट्टे मागे एकमेकांवरून तिरपे न्या आणि जिथे छेदतात तिथे चौकोनी टीप मारून टाका. समांतर ठेवलेले पट्टे खांद्यावरून घसरतात, अरुंद खांद्यांवर तर हमखास.

मोहरी मशीनवर मारण्याआधी डांगरी घालून उकिडवं बसा, हात वर करा, चार पायऱ्या चढा. उभ्याउभ्या आरशात बरोबर दिसणारी लांबी बसल्यावर पिंढरीपर्यंत चढते.

पूर्ण बॉयलर सूट हवा असेल तर कापड ५८ इंचीचं सव्वातीन मीटर, आणि एक जास्तीचं माप: खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, मांड्यांमधून मागे वर, पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. त्यात दहा ते बारा सेंटिमीटर मिळवा. हे माप घेतलं नाही तर हात वर केला की आसन काचतं, आणि त्याला नंतर इलाज नाही. पाठीला दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटरची चुणी ठेवली की हात पुढे जातो.

डोक्याला ९० सेंटिमीटरचा चौकोनी सुती रुमाल. त्रिकोण करा, लांब बाजू मानेवर, टोक कपाळाकडे. दोन्ही शेवट कपाळावर आणून गाठ मारा, त्रिकोणाचं टोक गाठीवरून मागे वळवून गाठीत खोचा. केस आधी अंबाड्यात पक्के करा. वेणी मोकळी सोडून वर रुमाल बांधण्यात काही अर्थ नाही, कारण यंत्रात वेणीच जाते. अमेरिकेत लांब केस एका डोळ्यावर सोडणाऱ्या व्हेरॉनिका लेक या नटीने सरकारच्या विनंतीवरून १९४३मध्ये केस बांधायला सुरुवात केली, ती याच कारणाने. रेशमी रुमाल घसरतो. खऱ्या वर्कशॉपमध्ये घालणार असाल तर बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या, आणि फिरत्या यंत्राशी हातमोजे घालू नका.

उन्हाळ्यात आतून बिनबाह्यांचं सुती बनियन घाला, शर्ट नको. घाम टिपायला एक थर पुरतो. दोन थरांत घामोळं येतं. पट्ट्यांखाली खांदे काचत असतील तर मऊ जुन्या साडीचा तुकडा आतून शिवून घ्या. काम सकाळी दहाच्या आत किंवा कूलरसमोर.

धुताना तेलाचा डाग आधी कोरडा असतानाच साबणाने चोळा, मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा. थेट कढत पाण्यात टाकलं की डाग पसरतो. बोअरचं पाणी असेल तर साबण फाटतो आणि ड्रिल पापडासारखं कडक वाळतं. शेवटचं खळबळणं शक्य तर नळाच्या पाण्यात. उलटी करून सावलीत वाळत घाला, आपल्या उन्हात निळा रंग महिन्याभरात उतरतो. मीठ टाकून रंग पक्का होतो असं सांगतात, गिरणीत रंगवलेल्या कापडाला त्याने काही होत नाही.

फाटलं तर त्या काळासारखं दुरुस्त करा. ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासून कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि नुसत्या एका लोकरी ड्रेसला ११ जात. त्यामुळे ठिगळ लपवण्याची लाज नव्हती. ठिगळाचा तुकडा त्याच कापडाचा आणि तितकाच धुतलेला हवा. कोरं ठिगळ आटतं आणि भोवतीचं जुनं कापड ओढून फाडतं. उभा धागा उभ्यालाच जुळवा. भोकाभोवती दीड सेंटिमीटर चांगलं कापड ठिगळाखाली यायला हवं. लहान भोकाला रफू पुरतो: भोकाच्या कडेबाहेर एक सेंटिमीटरपासून धावदोरा सुरू करा, उभे दोरे भरा, मग आडवे एकाआड एक विणा, आणि वळताना दोरा किंचित सैल सोडा, नाहीतर धुतल्यावर रफू आक्रसतो. कटिंगमधून उरलेल्या चिंध्या टाकू नका, त्याही धुवून ठेवा. पुढची सगळी ठिगळं त्यातूनच निघतात.