स्टेपर मोटरचा करंट सेट करताना या चुका टाळा

जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर स्टेपर मोटरच्या स्टेप, म्हणजे फिरण्याचे ठरावीक टप्पे, सुटू लागल्या, जॉबचं माप चुकू लागलं, की हात थेट ड्रायव्हरच्या (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटच्या) करंट स्विचकडे जातो. तो आधी आवरा. वाढवलेल्या करंटवर मशीन काही दिवस चालतंही, पण मूळ दुखणं आत तसंच राहतं.

पॉवर बंद करून प्रत्येक अक्ष हाताने सावकाश फिरवा. सुकून चिकट झालेलं ग्रीस, जास्त आवळलेली गिब (सरकत्या भागातली फट कमी-जास्त करणारी पट्टी), कपलिंगचा ढिला स्क्रू, यांपैकी काही सापडलं तर करंटला हात लावायची गरजच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पीक (करंटचं कमाल टोक) आणि आरएमएस (त्याचं परिणामी मूल्य) यांचा. ड्रायव्हरच्या तक्त्यात बऱ्याचदा दोन्ही आकडे असतात आणि पीक हा आरएमएसच्या 1.41 पट असतो. म्हणजे 3 अँपिअर आरएमएस लावलं की पीक 4.2 होतो. मोटरच्या लेबलवरचा आकडा यातला कोणता हे कळत नसेल, तर तो पीक समजून कमीपासून सुरुवात करा.

आठ वायरची मोटर असेल तर जोडणी उघडून बघाच. जुन्या मशीनवर मधे कुणी काय बदललंय याचा भरवसा नसतो. लेबलवर युनिपोलर (एका वेळी अर्धंच वाइंडिंग वापरणारी जोडणी) 3 अँपिअर असेल, तर दोन्ही अर्धी वाइंडिंग सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडल्यास सुमारे 2.1 आणि पॅरललमध्ये (समांतर) 4.2 लागतात. सिरीजमध्ये इंडक्टन्स (करंटच्या बदलाला वाइंडिंगचा विरोध) पॅरललच्या चौपट असतो, त्यामुळे वेग वाढला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) लवकर गळतो.

ए4988 सारख्या छोट्या ड्रायव्हरवर करंट म्हणजे व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा संदर्भ व्होल्टेज) भागिले (8 गुणिले करंट मोजणारा सेन्स रेझिस्टर). 0.8 व्होल्टला 0.1 ओहमवर 1 अँपिअर येतो, 0.05 ओहमवर 2. दुसऱ्या बोर्डचा व्हीरेफ उचलून लावू नका, आधी रेझिस्टरवरचा छाप वाचा: आर100 (0.1 ओहम) की आर050 (0.05 ओहम).

स्टेप फक्त जलद चालीत सुटत असतील तर संशय व्होल्टेजवर घ्या. पॉवर सप्लायचे जुने कपॅसिटर थकलेले असतात. सगळे अक्ष एकदम पळवा आणि डीसी व्होल्टेज किती खाली बसतो ते मोजा. त्याच सप्लायच्या वायरमध्ये अँमीटर लावून मोटरचा करंट मात्र मोजू नका. चॉपर ड्रायव्हर (व्होल्टेज झपाट्याने चालू-बंद करून करंट आवरणारा) सप्लायकडून फेजमधल्या, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगमधल्या, करंटपेक्षा कमीच घेतो, म्हणून तो आकडा पाहून करंट वाढवलात तर मोटर भाजेल.

मोटर हाताला चटका देते म्हणून घाबरून करंट उतरवणंही चूकच. बऱ्याच स्टेपरना बाहेरून 80 अंश सेल्सिअसपर्यंत चालतं; थर्मामीटरने मोजा. थांबल्यावर करंट अर्धा करणारी सोय वापरा, पण झेड (वर-खाली जाणारा) अक्ष जड असेल तर तो खाली घसरत नाही ना, हे टूल जॉबपासून लांब ठेवून तपासा.

आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका. वाइंडिंगमधून उसळणारा व्होल्टेज ड्रायव्हर जागीच मारतो.

बदल एका वेळी एकच करा. नंतर डायल गेज (काट्यावर बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावून अक्ष जलद गतीने बराच वेळ पुढेमागे पळवा आणि काटा पुन्हा शून्यावर येतो का ते बघा.