फॉरमॅट न मारता मदरबोर्ड कसा बदलायचा

मदरबोर्ड बदलायचा म्हटलं की "फॉरमॅट मारावा लागेल", म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल, हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. विंडोज ७ पर्यंत ते बहुतेक वेळा खरं होतं. नव्या बोर्डाच्या डिस्क-कंट्रोलरचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) चालू नसला, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नसे आणि निळा पडदा यायचा. विंडोज १० आणि ११ सुरू होता होताच नवं हार्डवेअर ओळखून घेतात. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी बहुतेक वेळा जुना डेस्कटॉप जसाच्या तसा समोर येतो.

ही खटपट कुणासाठी? पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीचं काम करणाऱ्यांसाठी, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांसाठी, ज्यांच्या मशीनवर जुने मराठी फॉन्ट आणि सीडी हरवलेली सॉफ्टवेअर आहेत त्या सगळ्यांसाठी. पण एक पक्कं ध्यानात घ्या: अवघड काम स्क्रूड्रायव्हरचं नाही. जुना बोर्ड चालू असतानाच जे उरकायचं असतं, ते खरं काम.

जुन्या बोर्डावर

आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. शक्यतो नुसत्या फाइल्स नकोत, पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी प्रत, घ्या.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी (एन्क्रिप्ट करणारी) विंडोजची सोय. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या किंवा प्रोसेसरच्या टीपीएममध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपमध्ये) असते, म्हणून नवा बोर्ड ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडते. कागदावर उतरवून ठेवा. नुसतं 'सस्पेंड' करून भागत नाही, कारण पुढच्या रीस्टार्टला संरक्षण परत सुरू होतं. पूर्ण बंद करा आणि डिस्क डिक्रिप्ट होऊन संपेपर्यंत थांबा.

लॉगिनचा पिनही टीपीएमशीच बांधलेला असतो. नव्या बोर्डावर तो चालणार नाही, आणि खऱ्या पासवर्डसाठी इंटरनेट हवं तर नेटवर्कचा ड्रायव्हर अजून बसलेला नाही, अशी कोंडी होते. उपाय सोपा आहे: पासवर्ड असलेलं एक तात्पुरतं लोकल ॲडमिन खातं आधीच काढून ठेवा.

टॅली असेल तर त्यातून लायसन्स 'सरेंडर' (परत जमा) करा आणि नवा बोर्ड चालू झाल्यावर परत ॲक्टिव्हेट करा. अँटिव्हायरसची प्रॉडक्ट की लिहून घ्या. जुन्या बोर्डाच्या कंपनीची युटिलिटी, म्हणजे पंखे नि दिवे सांभाळणारी सॉफ्टवेअर, काढून टाका. नव्या बोर्डावर ती नसता गोंधळ घालतात. एखाद्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्स म्हणून मशीनला लावायची किल्ली) जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल, तर नव्या बोर्डावर तो पोर्ट बहुधा नसतो. त्यासाठी पीसीआय-एक्सप्रेस कार्ड लागेल. यूएसबीचं प्रिंटर-कन्व्हर्टर डोंगलला सहसा चालत नाही.

विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. ब्रँडेड डेस्कटॉपबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाबरोबरच जातं. अशा वेळी नव्या लायसन्सचा खर्च आधीच हिशेबात धरा. ॲक्टिव्हेशन गेलं तरी फायली आणि प्रोग्रॅम जागेवरच राहतात.

आता दोन गोष्टी तपासून लिहून ठेवायच्या. बोर्ड बदलल्यावर मशीन सुरू न होण्याची सर्वांत मोठी कारणं हीच.

एक, बूट मोड. 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' समोर 'यूईएफआय' (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) आहे की 'लेगसी' (जुनी) ते पाहा. लेगसी असेल तर डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे; यूईएफआयला नवी जीपीटी लागते. इंटेलच्या ५०० मालिकेपासूनच्या बोर्डांवर अंगभूत ग्राफिक्स वापरून लेगसी बूट होत नाही. ती बदलायला विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' हे टूल आहे (टाइप करताना सगळं सलग, 'टू' च्या जागी दोनचा आकडा). कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, आधी 'व्हॅलिडेट' आणि मग 'कन्व्हर्ट' चालवा. चालू विंडोजमधून करत असाल तर 'अलाउ-फुल-ओएस' हा पर्याय जोडावाच लागतो. डिस्कवर ३ पेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर टूल नकार देतं. कन्व्हर्ट झालं की जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजआधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय निवडून मशीन सुरू होतंय याची खात्री करा.

दोन, साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते. जुन्या बायोसमध्ये एएचसीआय आहे की रेड (इंटेलच्या बोर्डांवर आरएसटी किंवा व्हीएमडी) ते पाहा. जुन्या आणि नव्या बोर्डावर एकच असेल तर प्रश्नच नाही. वेगळं असेल तर शेवटच्या बंद करण्याआधी 'एमएसकॉन्फिग' च्या बूट टॅबमध्ये 'सेफ बूट' वर खूण करा. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होताना, विंडोज डिस्कचा योग्य ड्रायव्हर स्वतःच चालू करून घेतं. नव्या बोर्डावर एकदा सेफ मोड आला की खूण काढा आणि रीस्टार्ट करा.

शेवटी नव्या बोर्डाचे लॅन, वायफाय आणि चिपसेट ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवा. २.५ गिगाबिटचा लॅन पोर्ट विंडोज १० ला बऱ्याचदा ओळखू येत नाही. अडलंच तर अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग कामी येतं.

बोर्ड घेताना

पुण्याच्या तापकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), रॅमचा प्रकार (डीडीआर४ की ५) आणि कूलरचा ब्रॅकेट जुळतो का ते पाहा. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. बोर्डातलं बायोस तुमच्या प्रोसेसरला ओळखतं का ते कंपनीच्या यादीत बघा. नसेल तर दुकानातच अपडेट करून घ्या. घरी करणार असाल तर यूपीएसवरच, आणि गुरुवार टाळा, कारण महावितरणची दुरुस्तीची कामं पुण्यात बहुधा त्याच दिवशी निघतात.

एलजीए सॉकेट (पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात तो) असेल तर काउंटरवरच झाकण उघडायला लावा. मोबाइलची टॉर्च तिरकी धरा आणि बोर्ड हळूहळू फिरवा. सरळ पिना एकाच तालात चमकतात. वाकलेली पिन त्या रांगेत काळा ठिपका किंवा वेगळी चमक दाखवते. वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. प्लास्टिकचं झाकणही सांभाळून ठेवा, वॉरंटीला पाठवताना लागतं.

बसवताना

वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. थंडीपासून मेपर्यंत पुण्याची हवा कोरडी असते, तेव्हा स्टॅटिकचा धोका खरा असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर (याच्या पिना प्रोसेसरलाच असतात) उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टला चिकटून कूलरबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नवी पेस्ट लावताना जुनी पूर्ण पुसा.

बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी स्टँडऑफ फक्त बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एटीएक्स म्हणजे पूर्ण आकाराच्या बोर्डाला साधारण ९ लागतात. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. मागची आयओ पट्टी (पोर्टांभोवतीचा पत्रा) वेगळी असेल तर ती आधी बसवा. रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. प्रोसेसरची ८ पिनी वायर विसरली तर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो.

पहिल्यांदा चालू करताना

डीडीआर५ असेल तर रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) होईपर्यंत काही मिनिटं पडदा काळा राहतो. घाईने बटण दाबू नका. एएमडीवर 'एफटीपीएम' (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करायचं का असं विचारलं आणि बिटलॉकर बंद केलेलं असेल, तर 'वाय' दाबा.

बायोसमध्ये साटा मोड लिहून ठेवल्याप्रमाणे करा आणि बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. विंडोज 'डिव्हाइस तयार होत आहेत' असं दाखवत एक-दोनदा रीस्टार्ट होईल. होऊ द्या.

जुना बोर्ड अचानक उडाला आणि आधी काहीच करता आलं नाही, तरी वाट आहे. सुरू होताना तीनदा बटणाने बंद केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून 'स्टार्टअप सेटिंग्ज' मधून सेफ मोडमध्ये जा. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड बदलून बघा. डिस्क एमबीआरची असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट-एफ१० दाबा आणि वर सांगितलेलं टूल तिथून चालवा. तिथे 'अलाउ-फुल-ओएस' लागत नाही.

चालू झाल्यावर

आधी चिपसेट ड्रायव्हर, मग लॅन, मग बाकीचे. ॲक्टिव्हेशन गेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा. जुना पिन काढून नवा घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हिडन डिव्हाइस' दाखवून फिकट दिसणारे जुने लॅन आणि साउंड काढता येतात, पण तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

तात्पुरतं ॲडमिन खातं काढून टाका. बिटलॉकर मात्र बायोस अपडेट आणि सगळे ड्रायव्हर झाल्यावरच परत चालू करा, आणि तेव्हा मिळणारी नवी ४८ आकडी की जुनीच्या जागी लिहून ठेवा.