कणी बिनधास्त, कोंडा मात्र पारखून

भातकापणी उरकून गिरण्या सुरू झाल्या की कोकणात कणी आणि कोंडा हाताशी येतो. मक्याचं बिल भरून कंटाळलेल्या ब्रॉयलरवाल्याची नजर तिकडे वळणारच. कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर त्यांच्या खाद्यात परस्पर काही मिसळू नका. हा सल्ला स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी आहे.

कणी ऊर्जेला मक्याच्या तोडीची, म्हणून मक्याचा निम्मा हिस्सा तिने भरून काढायला हरकत नाही. मक्यातला पिवळा रंग तिच्यात नसल्याने पाय आणि कातडी फिकट दिसते, पण कातडी सोलून नेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचं काय? चूक होते ती वेगळीच. तयार फिनिशरमध्येच (विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातलं खाद्य) कणी ओततात. २० टक्के प्रथिनांच्या ८० किलो फिनिशरमध्ये ८ टक्क्यांची २० किलो कणी घातली की प्रथिनं १७.६ वर येतात आणि वजन रखडतं. मग ती तूट भरायला सुकटीची कुटी घालायचा मोह होतो. खारवलेली असेल तर पक्षी पाणी पीत सुटतात, लिटर, म्हणजे शेडमधलं अंथरूण, ओलं होतं.

कोंड्याचं प्रकरण नाजूक. मूठभर घेऊन घट्ट दाबा. अस्सल कोंड्यात तेल असतं, त्याचा गोळा टिकतो. भुरभुरून सांडला, बोटांना कुसं टोचली, तर त्यात तूस आहे. जुन्या हलरचा (भात भरडायच्या जुन्या यंत्राचा) कोंडा बहुधा असाच निघतो. तो म्हशीला द्या, ब्रॉयलरला नको. चांगला कोंडाही भात भरडल्यापासूनच खवट होऊ लागतो आणि आपल्या दमट हवेत तर लवकरच. आठवड्यात संपेल इतकाच आणा, जमल्यास मंद आचेवर भाजून ठेवा. पहिले दोन आठवडे पिल्लांना देऊच नका. पुढे १०० किलो खाद्यात ५ किलोपासून सुरुवात करा, १० च्या वर जाऊ नका. त्यातलं बरंचसं स्फुरद पक्ष्याला पचत नाही, म्हणून डीसीपीत (खाद्यात स्फुरदासाठी घालायचं डायकॅल्शियम फॉस्फेट) काटकसर नको.

परतीच्या पावसात भिजलेल्या भाताची कणी हिरवट दिसली, गठ्ठे झाले, कुबट वास आला तर सोडून द्या. उन्हात वाळवून बुरशी दिसेनाशी होते, तिचं विष तसंच राहतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचा.

आणि गिरणीतून तूसही उचला. शेडमध्ये दोन-तीन इंच पसरलं की लिटर तयार.