स्ट्रीट सर्किटच्या शर्यतीचा निकाल कसा वाचावा आणि गुणांचा हिशोब कसा मांडावा

२३ मे २०२१ च्या रविवारी मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत संपली, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरात रात्रीचे आठ वाजून गेले होते. मॅक्स व्हर्स्टॅपन जिंकला. भाचीने पडद्यावरचा तक्ता बघितला आणि विचारलं, "मामा, जिंकला हा, मग सगळे त्या सातव्याबद्दल का बोलतायत?" प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर द्यायला मी तिच्याच वहीचं मागचं पान घेतलं. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीनंतर आम्ही असं एक पान भरतो. ते कसं भरायचं, ते याच शर्यतीवरून सांगतो.

सुरुवात शनिवारपासून

स्ट्रीट सर्किट म्हणजे एरवी रहदारी असते त्याच रस्त्यांना कठडे लावून आखलेला मार्ग. मोनॅकोची एक फेरी ३.३३७ किलोमीटरची, अशा ७८ फेऱ्या, आणि तेव्हाची गाडी दोन मीटर रुंद. गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर तुमच्या गाडीत कितीही दम असला, तरी पुढच्या रिक्षामागूनच जावं लागतं. मोनॅकोत तसंच होतं. २०२४ मध्ये तर तिथे पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले, त्याच क्रमाने पोहोचले.

म्हणून वहीत आधी शर्यतीचा क्रमांक लिहू नका. आधी शनिवारच्या पात्रता फेरीतून ठरलेली सुटायची जागा, म्हणजे ग्रिड, लिहा. शेजारी शेवटचा क्रमांक. २०२१ चं पान असं दिसतं: व्हर्स्टॅपन २ वरून १, साइन्झ ४ वरून २, नॉरिस ५ वरून ३, पेरेझ ९ वरून ४, व्हेटेल ८ वरून ५, गॅस्ली ६ वर ६, आणि भाचीने विचारलेला तो सातवा, हॅमिल्टन, ७ वर ७.

गळालेले वजा करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निकाल कळतो तो इथेच. तक्त्याच्या तळाशी जा. डीएनएस म्हणजे सुटलाच नाही, डीएनएफ म्हणजे सुटला पण पुरी केली नाही, डीएसक्यू म्हणजे अपात्र ठरला. त्या दिवशी पहिल्या जागेवरून सुटणारा शार्ल लक्लेर ड्राइव्हशाफ्टच्या बिघाडामुळे सुटूच शकला नाही. तिसऱ्या जागेवरच्या बोटासचं पुढचं उजवं चाक, नट बिघडल्यामुळे, पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, निघालंच नाही. म्हणजे पुढच्या तिघांतले दोघे गेले.

आता वरच्या ओळी पुन्हा वाचा. व्हर्स्टॅपनच्या पुढचा एक गेला, म्हणून तो एक जागा वर. साइन्झ आणि नॉरिस यांच्या पुढचे दोघे गेले, म्हणून ते दोन-दोन जागा वर. यांपैकी कुणालाही त्यासाठी कुणाला ओलांडावं लागलं नव्हतं. हॅमिल्टन मात्र ७ वर सुटून ७ वरच आला. तक्ता सांगतो, जागा राखली. वजाबाकी सांगते, काहीही न करता तो पाचवा व्हायला हवा होता, म्हणजे दोन जागा गमावल्या. पेरेझ तसाच सातवा व्हायचा, तो चौथा आला: तीन जागा खऱ्या कमाईच्या.

मग पिटचा रकाना

त्या तीन जागा पेरेझने कुठे कमावल्या? रस्त्यावर ते जवळजवळ अशक्य होतं, म्हणून पिटमध्ये कोण कधी गेलं ते बघा. आधी जाऊन ताज्या टायरांच्या जोरावर पुढच्याला गाठायचं, याला अंडरकट म्हणतात. उलट, बाहेर राहून मोकळ्या रस्त्यावर वेगात फेऱ्या काढायच्या आणि मग आत जायचं, हा ओव्हरकट. हॅमिल्टन गॅस्लीला गाठायला आधी आत गेला. पण मोनॅकोचा रस्ता गुळगुळीत, वळणं मंद, नवे टायर तापायलाच वेळ लागतो. त्यामुळे नंतर पिटला गेलेले व्हेटेल आणि पेरेझ दोघेही त्याच्या पुढे निघाले.

वेळेच्या फरकाचा रकानाही वाचा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. नॉरिस आणि पेरेझ यांच्यात शेवटी सेकंदाच्या आसपासच अंतर होतं. रुंद सर्किटवर याचा अर्थ 'आणखी चार फेऱ्या असत्या तर…' असा होतो. मोनॅकोत चाळीस फेऱ्या असत्या तरी कदाचित तेच झालं असतं.

पेन लगेच नको

अंतिम निकाल जाहीर होईपर्यंत पेन्सिलनेच लिहा. आपल्या शेजारच्या हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागराच्या काठी भारतातली पहिली फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, शर्यत झाली. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला, निक कॅसिडी दुसरा. रेषा तिसरी ओलांडली सेबास्टियन बुएमीने, पण परवानगीपेक्षा जास्त पॉवर वापरल्याबद्दल त्याला वेळेचा दंड झाला आणि तिसरं स्थान आंतोनिओ फेलिक्स दा कोस्टाला मिळालं. तिसऱ्या स्थानाचे १५ गुण असतात. घाईने केलेली बेरीज तिथेच चुकली असती.

आता गुण

पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. फॉर्म्युला वन आणि फॉर्म्युला ई, दोन्हींत हेच. फॉर्म्युला ईमध्ये पोलचे, म्हणजे पात्रता फेरीत पहिलं येण्याचे, वेगळे ३ गुण असतात. फॉर्म्युला वनमध्ये २०१९ ते २०२४ या काळात पहिल्या दहांत येऊन सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला १ गुण मिळे, तो २०२५ पासून बंद झाला. जुन्या वर्षाचा तक्ता वाचताना हे लक्षात ठेवा.

मोनॅकोआधी त्या मोसमाच्या एकूण गुणांत हॅमिल्टन पहिला होता: हॅमिल्टन ९४, व्हर्स्टॅपन ८०. व्हर्स्टॅपनचे २५ मिळवा: १०५. हॅमिल्टनचे सातव्या स्थानाचे ६ आणि वेगवान फेरीचा १ मिळवा: १०१. चौदाची आघाडी होती, आता चारची पिछाडी. भाचीला तिचं उत्तर मिळालं.

आघाडी मोठी की लहान हे ठरवायला सात हा आकडा धरा. पहिला आणि दुसरा यांच्यात एका शर्यतीत ७ गुणांचं अंतर पडतं. चौदाची आघाडी म्हणजे हॅमिल्टन दुसरा येत राहिला असता, तर व्हर्स्टॅपनला बरोबरीला यायला दोन विजय लागले असते. इथे एकाच संध्याकाळी १८ गुण फिरले.

संघांचा तक्ता वेगळा मांडा, कारण त्यात दोन्ही गाड्यांचे गुण धरतात. रेड बुल (व्हर्स्टॅपन आणि पेरेझ) ११२ अधिक २५ अधिक १२, म्हणजे १४९. मर्सिडीज (हॅमिल्टन आणि बोटास) १४१ अधिक ७, म्हणजे १४८. चाकाच्या एका नटाची किंमत या ओळीत दिसते.

बरोबरी झाली तर

गुण सारखे झाले की विजय मोजतात. तेही समान असले तर दुसरी स्थानं, मग तिसरी. म्हणून प्रत्येक नावापुढे विजयांचा एक छोटा रकाना ठेवाच. त्याच वर्षी ५ डिसेंबरला सौदी अरेबियात जेद्दाची शर्यत झाली, तीही स्ट्रीट सर्किटवरची. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी भाची वही घेऊन जागी होती. हॅमिल्टन जिंकला, वेगवान फेरीही त्याचीच, व्हर्स्टॅपन दुसरा. तिने ३४३.५ मध्ये २६ मिळवले, ३५१.५ मध्ये १८ मिळवले. अर्धा गुण बेल्जियममधल्या स्पाच्या, पावसात गुंडाळलेल्या शर्यतीचा, तिथे निम्मेच गुण दिले होते. दोन्ही बेरजा ३६९.५ आल्या. तिला वाटलं आपलं चुकलं, म्हणून तिने पुन्हा केली. मग विजयांच्या रकान्यात बघून व्हर्स्टॅपनपुढे ९ आणि हॅमिल्टनपुढे ८ लिहिलं, आणि व्हर्स्टॅपनचं नाव वरच्या ओळीत घेतलं. एकच शर्यत उरली होती.