पावसाची सुट्टी पडण्याआधी शाळेचं होस्टिंग कसं निवडावं

जुलै लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष व्हॉट्सॲपकडे असतं. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश आला का? कणकुंबी-जांबोटीकडे ओढे भरले की तिकडची मुलं शाळेत येणार कशी! ऑगस्ट 2019 चा पूर आणि मार्च 2020 चा कोरोना, दोन्ही वेळा शाळा बंद पडली तेव्हा मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलला गणित शिकवत होते. नंतर शाळेचं मूडल, म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर, मीच उभं केलं, आणि पहिलं होस्टिंग, म्हणजे ते ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा, चुकीचं निवडलं. ती चूक तुमच्याकडे होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी ठरवा, स्वतःचं होस्टिंग हवंच का? नुसता गृहपाठ द्यायचा-तपासायचा असेल तर गुगल क्लासरूम पुरे. शाळांना ते फुकट मिळतं, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. प्रश्नपेढी, चाचण्या, आपले धडे वर्षानुवर्षं आपल्याच ताब्यात ठेवायचे असतील तर मूडल घ्या. मूडलही फुकटच, पैसे पडतात ते जागेचे.

आम्ही स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं होतं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ असं ठळक लिहिलेलं. रोज पंधरा-वीस मुलं यायची तोवर सगळं सुरळीत. मग चाचणी ठेवली सकाळी दहाला. दीडशे मुलं एकदम आत शिरली आणि पडद्यावर 503, म्हणजे सर्व्हरला भार झेपेना. दहावीच्या एका मुलीचा फोन आला, “बाई, सगळी गणितं सोडवून झालीत, पण सबमिटच होईना.” घरात रेंज नाही म्हणून ती पोर घरामागच्या माळावर छत्री धरून उभी होती. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. अनलिमिटेड होती ती जागा. एका वेळी किती प्रोसेस चालतील याला मर्यादा होती, आणि ती अटींच्या पानावर खाली बारीक अक्षरात होती.

म्हणून पटावर किती मुलं आहेत ते बाजूला ठेवा, एका मिनिटाला एकदम किती येतील ते मोजा. मूडलचा ठोकताळा असा की 1 जीबी रॅमवर एका वेळी 10 ते 20 मुलं. दीडशे मुलं एकदम बसवायची तर 8 जीबीसुद्धा जेमतेम. आम्ही 4 जीबीचा व्हीपीएस घेतला, म्हणजे आपल्या वाट्याची रॅम राखून ठेवलेला सर्व्हर, आणि आठवी, नववी, दहावीच्या चाचण्या वेगवेगळ्या वेळी ठेवल्या. वेळापत्रक बदलायला पैसे लागत नाहीत. गरज पडली तर रॅम वाढवता येते का, आणि पावसाळा सरल्यावर परत कमी करता येते का, हे मात्र आधीच विचारून घ्या. शाळेत सर्व्हर सांभाळणारं कुणी नसेल तर चार पैसे जास्त मोजून मॅनेज्ड सेवा घ्या, तिच्यात देखभाल कंपनीच करते.

व्हिडिओ होस्टिंगवर चढवूच नका. 100 एमबीचा एक व्हिडिओ 200 मुलांनी पाहिला की 20 जीबी गेले. तो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून ठेवा आणि मूडलवर फक्त लिंक द्या. आमच्या भागात खरा उपयोग झाला तो आवाजाचा. दहा मिनिटांचं बोलणं 32 केबीपीएसवर, म्हणजे हलक्या दर्जात, साठवलं तर अडीच एमबीच्या आत बसतं, सोबत वहीच्या पानाची पीडीएफ. मूडलच्या ॲपमध्ये धडा उतरवून घेता येतो. फुकटच्या योजनेत असे किती कोर्स उतरवता येतील याला मर्यादा आहे, म्हणून मी इयत्तेचे सगळे विषय एकाच कोर्समध्ये ठेवते. माळावर जाऊन एकदा उतरवायचं आणि घरी येऊन ऐकायचं, मग लाईट गेली तरी चार्जिंग असेतो अभ्यास चालतो.

कंपनीला फोन करून काही गोष्टी स्पष्ट विचारा. क्रॉन, म्हणजे मूडलची ठरलेली कामं आपोआप करणारी सोय, दर मिनिटाला चालू देता का? रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवता का? सर्व्हर जवळ, मुंबईत आहे का, म्हणजे पानं लवकर उघडतील? दुसऱ्या वर्षाचा दर किती, 18 टक्के जीएसटी धरून? पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलून आमचं बजेट कोलमडलं होतं. डेटाबेस, म्हणजे मूडलची माहिती साठवायची जागा, utf8mb4 या अक्षरसंचातच करा, म्हणजे मराठी-कन्नड अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येत नाहीत. मूडलला दोन्ही भाषांचे पॅक आहेत.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, शाळेच्या नावावर आणि शाळेच्याच ईमेलवर घ्या. उत्साही शिक्षकाच्या नावावर घेतलं तर त्याची बदली झाली की चावी त्याच्याबरोबर जाते. मुलांचे आधार क्रमांक चढवू नका, नाव आणि हजेरी क्रमांक पुरेत.

हे सगळं मे महिन्यातच करा, आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. एक महिना घ्या, तीसेक पालकांचे फोन एकाच वेळी आत सोडा. शाळेच्या वायफायवर नको, त्यांच्या-त्यांच्या गावातून, मोबाइल डेटावर. आणि त्याच महिन्यात एकदा बॅकअपवरून सगळी साइट परत उभी करून बघा.