बायोम ओळखताना या चुका टाळा, माळरानाची तर हमखास होते

शाळेचा प्रोजेक्ट असो, एमपीएससीची तयारी असो की गावात झाडं लावायचा उपक्रम, बायोमचा, म्हणजे ठरावीक हवामानात वाढणाऱ्या झाडाप्राण्यांच्या मोठ्या पट्ट्याचा, विषय निघाला की त्याच त्या चुका दिसतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच: आपण फोटो बघून बायोम ठरवतो, पाऊस किती नि कधी पडतो हे कोण बघत नाही.

पहिली चूक ठरलेली. वाळवंट म्हणजे ऊन, वाळू, उंट. अहो, वाळवंट ठरतं कोरडेपणावरून, वर्षाला साधारण २५० मिमीच्या आत पाऊस असेल तर ते वाळवंट, मग वर बर्फ का असेना. म्हणून जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट सहारा नाही, अंटार्क्टिका आहे, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किमी, आणि सहारा ९० लाखांच्या आसपास. सहारातसुद्धा वाळूच्या टेकड्या थोड्याच भागात, बाकी सगळा खडक नि गोटे. गोबीत तर हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत जातो.

पण हा २५० चा आकडाही घोकून ठेवू नका. जैसलमेरला वर्षाला २०० मिमीच्या आसपास पाऊस, सायबेरियातल्या याकुत्स्कला त्याहून थोडासाच जास्त, तरी याकुत्स्कच्या भोवती मैलोन्‌मैल जंगल आहे. का, तर थंडीमुळे पाण्याची वाफच फारशी होत नाही आणि खालची जमीन कायम गोठलेली, त्यामुळे आहे ते पाणी वरच्या वर राहतं नि झाडांना पुरतं. पाऊस आणि तापमान जोडीनं बघायचं ते यासाठी. त्या जंगलातलं मुख्य झाड लार्च, सूचिपर्णी असून दर हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतं, म्हणजे ‘सूचिपर्णी म्हणजे सदाहरित’ हेपण गेलं.

टुंड्रा त्याच्याही उत्तरेला, तिथं उन्हाळाच इतका थंड नि आखूड की झाड उभंच राहत नाही, शेवाळ, दगडफूल, खुरटी झुडपं, रेनडिअर, लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी, आणि उन्हाळ्यात डासांचे ढग. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एका चार्टवर चिकटवू नका, एक दक्षिणेचा, दुसरं उत्तरेचं.

ॲमेझॉनबद्दल सगळ्यांना वाटतं एवढं दाट जंगल म्हणजे माती काय कसदार असणार! बहुतेक ठिकाणी उलटं आहे. सततच्या पावसानं मातीतली पोषकद्रव्यं धुऊन जातात, सगळा माल झाडांच्या अंगात असतो, पान पडलं की बुरशी आणि मुळं ते लगेच परत खेचून घेतात. जंगल जाळून शेती केली की राखेवर दोनतीन वर्षं पीक येतं आणि मग जमीन बसते.

आता आपल्या घरची चूक, मला सगळ्यात जास्त खटकणारी. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचा माळ बघून लोक म्हणतात इथं कधीकाळी जंगल होतं, तोडलं म्हणून उजाड झालं. अरे, घाटाच्या पलीकडं बघा की, लोणावळ्याला ४००० मिमीच्या वर पाऊस आणि पासष्टेक किमीवर पुण्याला ७०० च्या आसपास, त्याच्याही पूर्वेला पर्जन्यछाया (डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा), आणि पाऊसही चार महिन्यांत उरकलेला. अशा हवेत गवत आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर हेच टिकणार, तेच त्याचं मूळ रूप, सव्हाना म्हणा हवं तर. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून २०२५ मध्ये मांडलं की हे माळ निदान ७५० वर्षांपासून माळच आहेत.

आणि आपण काय करतो, सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणून दाखवतो, पावसाळ्यात जेसीबीनं चर खणतो, गिरिपुष्पाच्या (बाहेरून आणलेलं ग्लिरिसिडिया झाड) रांगा लावतो आणि सेल्फी काढतो. गवताला लख्ख ऊन लागतं, सावली पडली की ते मागं हटतं. माळढोक पक्षी उघड्यावर जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, त्याला लांबवरचं दिसायला हवं, काळवीट नि लांडग्याचंही सगळं मोकळ्या रानावरच चालतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य त्याच गवतासाठी आहे, झाडांसाठी नाही.

गोंधळ होतच असेल तर त्या ठिकाणचा महिनावार पावसाचा आणि तापमानाचा आलेख काढा, नेटवर सहज मिळतो. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा दिसला तर भूमध्यसागरी प्रकार, मग ते इटली असो की केपटाउन. कोरडा काळ आठ महिने असेल तर सदाहरित जंगलाची अपेक्षा सहसा ठेवू नका.

आणि झाडं लावायचीच असतील तर पावसाळा संपता संपता एकदा माळावर जाऊन या, पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उभी दिसली तर तिथं खड्डे पाडू नका, गावठाण, शाळेचं आवार, बांध, रस्त्याची कड इथं जागा भरपूर असते.