प्रोसेसरचे तापमान किती असावे आणि ते कसे तपासावे

प्रोसेसरचे तापमान पाहताना अनेक जण एकच आकडा मनात धरतात आणि तो ओलांडला की घाबरून जातात. प्रत्यक्षात त्या आकड्याबरोबरच खोलीचे तापमान आणि त्या वेळी संगणकावर चाललेले काम हेही पाहावे लागते. काम तेच आणि पंख्याचा वेगही तोच असेल, तर खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. बेळगावात थंडीच्या दिवसांत २० अंशांच्या खोलीत ६८ अंश दाखवणारा संगणक अथणीत एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखालच्या ३८ अंशांच्या दुकानात, ८६ च्या आसपास जाणार हे धरूनच चालावे. तो बिघडलेला नसतो.

आधी आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा शोधावी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ती १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७६००एक्ससाठी ती ९५ आहे, तर ७८००एक्स३डीसाठी ८९ आहे, म्हणजे एकाच मालिकेतही ती सारखी नसते. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये, कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती पाहावी.

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचे तापमान दाखवत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखे सॉफ्टवेअर वापरावे. संगणक दहा मिनिटे रिकामा ठेवून एक नोंद घ्यावी, मग आपण खरोखर करतो ते जड काम, उदाहरणार्थ लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग, अर्धा तास चालवून कमाल आकडा टिपावा आणि दोन्ही वेळचे खोलीचे तापमानही सोबत लिहून ठेवावे. रिकाम्या डेस्कटॉपला ३५ ते ५० आणि कामाच्या भरात साधारण ८५ च्या आसपासपर्यंत ठीक आहे. लॅपटॉप याहून गरम चालतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र बंद पडते. त्यामुळे तो लगेच जळण्याची भीती फारशी नसते, पण काम मात्र रखडते. तापमान मर्यादेला टेकलेले आणि गिगाहर्ट्‌झमधला वेगाचा आकडा घसरलेला दिसला, तर उष्णता बाहेर पडत नाही असे समजावे.

आपल्या भागात त्याचे कारण बहुधा धूळच असते, पण ती सगळीकडे एकसारखी नसते. वडगाव-शहापूरकडे यंत्रमागांजवळच्या घरांत सुताचे तंतू पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्या मधोमध जाजमासारखे बसतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, म्हणून तो काढून खालच्या पात्यांमध्ये टॉर्च मारून पाहणे आवश्यक आहे. निपाणीत तंबाखूची भुकटी साचते. उद्यमबागेतल्या कारखान्यांमधील लोखंडी कण सर्वांत घातक, कारण त्यांतून वीज वाहते. ते फुंकून मदरबोर्डवर उडवू नयेत, मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने काढावेत. खानापूर भागात पावसाळी ओलाव्याने धूळ चिकटून बसते, तेव्हा साफसफाई मे महिन्यातच उरकावी.

सफाईपूर्वी वायर सॉकेटमधून काढावी आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. सफाईनंतर तेच काम पुन्हा चालवून आधीच्या नोंदीशी ताडून पाहावे. फरक पडला नाही, तरच हीटसिंक काढून जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा मधला लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी लावावी. पेस्ट जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही. मधोमध एक छोटा थेंब पुरतो आणि हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो.

हे सर्व करूनही संगणक कामाच्या भरात पुन्हा पुन्हा बंद पडत असेल किंवा प्रोसेसरचा पंखा फिरतच नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो चालवू नये.